रॉड लागेपर्यंत कात्री नको

दसरा जवळ आला की मला येणाऱ्या पत्रांत ब्लाउजचे गळे मागे पडतात आणि नवी घरं पुढे येतात. या खेपेला तर पडद्यांचीच पत्रं जास्त. मी डोंबिवलीत १९९१ पासून पडदे शिवते. त्याआधी झबली-टोपडी शिवली, परकर शिवले. पडदा बिघडतो तो बहुतेक वेळा मशिनवर येण्याच्या आधीच, कुणीतरी घाईघाईत टेप धरतं तेव्हा. म्हणून आज मापांचीच पत्रं घेतलीत.

प्रश्न : काकू, मोशीतला आमचा फ्लॅट तयार झालाय. ताबा पुढच्या महिन्यात मिळेल, पण बिल्डरच्या माणसाने या रविवारी तासभर आत सोडतो म्हटलंय. ताब्यानंतर बाराव्या दिवशी वास्तुशांत आहे. टेलरला आठ दिवस हवेत, तो म्हणतो मापं आत्ताच द्या. ह्यांचं म्हणणं, प्लॅनवर सगळ्या खिडक्यांची मापं छापलीत, तिथे जाऊन करायचंय काय? हॉलला बाल्कनीचं सरकतं दार आहे, दोन बेडरूमना एकेक खिडकी, एक स्वयंपाकघराला. एका तासात काय काय मोजू?
– एक वाचक, मोशी

उत्तर : ह्यांना म्हणावं, चला. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.

प्लॅनवर छापलेलं माप असतं भिंतीत सोडलेल्या भगदाडाचं. त्यावर प्लास्टर चढतं, चारी बाजूंनी ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसतात, आणि कागदावरची पाच फुटी खिडकी हाताला लागते तेव्हा दोन-तीन इंचांनी आक्रसलेली असते. पण खरं सांगू का, पडद्याला खिडकीचं मापही फारसं लागत नाही. पडदा लटकतो रॉडला. तो रॉड कुठे बसू शकतो आणि कुठे नाही, ते बघायला तुम्ही रविवारी जायचंय. शिवायची मापं रॉड भिंतीवर लागल्यावरच घ्यायची.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. १९९४ साली कल्याणच्या एका नव्या इमारतीत मी अशीच आगाऊ मापं घ्यायला गेले होते. बाई घाईत, मी नवखी. रॉडची जागा पेन्सिलने आखली, तिथून खाली जमिनीपर्यंत टेप सोडली, वहीत लिहिलं आणि घरी येऊन अकरा पन्ने, म्हणजे पडद्याचे उभे तुकडे, कापले. ती जमीन म्हणजे नुसता कोबा होता, लाद्या बसायच्या होत्या. खालचा माल आणि वर मोझॅकची लादी धरून जमीन अडीच इंच वर आली. गृहप्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी पडदे लावले तर सगळे फरशीवर लोळताहेत! रात्री अकराला सगळ्या पन्न्यांची खालची दुमड उसवायला बसले, ती पहाटेच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा उठले. तेव्हापासून रॉड लागल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही.

आता रविवारचं. पाच मीटरची पोलादी टेप घ्या. शिवणाची कापडी टेप नको, ती जुनी झाली की ताणते. माझ्याकडे एक होती तिचे साठ इंच खरे साठ राहिलेच नव्हते. पोलादी टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो. ती टेप बिघडलेली नव्हे. आकडा कशाला अडकवून मोजलं की तो पुढे सरकतो, भिंतीला टेकवून मोजलं की मागे जातो, म्हणजे त्याची स्वतःची जाडी मापात येत नाही. आमच्याकडच्या एका उत्साही मुलाने तो आकडा हातोडी मारून घट्ट केला होता. ती टेप तेव्हापासून कपड्यांची दोरी बांधायच्या कामाला आहे.

टेपशिवाय वही, पेन्सिल, फोन, आणि चढायला स्टूल. रिकाम्या घरात स्टूल नसतं हे तिथे गेल्यावरच आठवतं.

हॉलमध्ये शिरलात की आधी काहीच मोजू नका. दाराच्या वर बघा. चौकटीपासून छतापर्यंत किती जागा आहे, वर पीओपीचं छत करणार आहात का? करणार असाल तर ते किती इंच खाली येईल, हे छतवाल्याकडून लिहून घ्या. नव्या जोडप्यांच्या घरी हटकून होणारी गोष्ट म्हणजे रॉड आधी लावला जातो आणि छत नंतर त्याच्या डोक्यावर येऊन बसतं. छत करणारच असाल तर पडद्यासाठी खाच सोडायला सांगा. एका चॅनेलला, म्हणजे पडदा सरकतो त्या पट्टीला, सहा इंच, जाळीचा आणि जाड असे दोन पडदे हवे असतील तर आठ इंच. तिथे मग रॉड नको, छतालाच चॅनेल लागेल.

मग बाजू बघा. एसीचं घरातलं युनिट कुठे येणार? बिल्डरने नळीचं भोक आधीच पाडलेलं असतं, ते खिडकीच्या वरच असेल तर रॉड त्याच्या खालून न्यावा लागतो. दिव्यांचं बटण खिडकीपासून किती अंतरावर आहे? उघडलेला पडदा गोळा होऊन बाजूला उभा राहतो, त्याला जागा लागते. सात-आठ फुटी रॉडवर दोन्ही बाजूंचं मिळून दीड-दोन फूट कापड थांबतं, आणि मग बटण शोधायला रोज पडद्यात हात घालायचा. बेडरूममध्ये कपाट खिडकीला चिकटून येणार असेल तर त्या बाजूला रॉड पुढे काढताच येत नाही. कपाट अजून घरात नाही म्हणून ते विसरलं जातं. पेन्सिलने भिंतीवर त्याची रेघ मारा.

खिडकीबाहेर रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच तरी जावा. वर चौकटीपासून चार ते सहा इंच. त्याहून वर न्यायला हरकत नाही, खोली उंच दिसते. पण मध्ये बीम लागतो. भिंतीवर बोटाची गाठ वाजवून काही कळत नाही, ड्रिल लागल्यावर कळतं. लाल भुगा आला की वीट, राखाडी आणि ड्रिल किंचाळायला लागलं की काँक्रीट. नव्या उंच इमारतींमध्ये तर पुष्कळदा सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथे घरचं छोटं ड्रिल नुसतं तापतं, हॅमर ड्रिलवालाच बोलवा. आणि पांढरा, हलका, रांगोळीसारखा भुगा भसाभस आला तर त्या फुगीर सिमेंटच्या ब्लॉकच्या भिंती आहेत. त्यांत साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती, धरत नाही. आज लावलेला रॉड महिन्याभरात पडद्यासकट खाली येतो. लांब स्क्रू आणि ब्लॉकची वेगळी गिट्टी मिळते, ती मागा. बिल्डरच्या माणसाला रविवारी हाच एक प्रश्न विचारा की भिंती कशाच्या आहेत. त्याला नक्की माहीत असतं.

खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी भिंतीच्या किती बाहेर आलीय तेही मोजा. बाजारातलं साधं ब्रॅकेट रॉडला भिंतीपासून तीन इंचांवर धरतं. पट्टी दोन-अडीच इंच बाहेर असेल तर पडदा तिच्यावर घासत राहतो आणि वर्षभरात बरोबर त्या उंचीवर विरतो. पुढे येणारी ब्रॅकेटं घ्या.

आता जमीन. रॉडच्या जागेपासून फरशीपर्यंत तीन ठिकाणी मोजा : डावीकडे, मध्ये, उजवीकडे. बाल्कनीच्या दारापाशी फरक निघतोच. सर्वांत कमी आलेलं माप धरा आणि त्यातूनही इंचभर सोडा. परदेशी मासिकांतल्या चित्रांत पडदे जमिनीवर पसरलेले असतात. त्यांच्याकडे रोज फिनेलचं फडकं फिरत नाही. आपल्याकडे लादी पुसणाऱ्या ताई ओलं फडकं पडद्याखालून सरकवतात, आणि पडदा टेकत असेल तर दिवाळीच्या आत खालच्या काठाला करडी रेघ धरते. इंचभर वर असलेला पडदा कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

हे सगळं वहीत लिहाल ते कसं लिहाल, यावरही थोडं. रुंदी आधी, उंची मागून, आणि इंचांतच. फूट लिहूच नका. एका गिऱ्हाइकाने मला चिठ्ठी पाठवली, ‘६.५’. मी साडेसहा फूट धरले, म्हणजे अठ्ठ्याहत्तर इंच. त्यांना म्हणायचं होतं सहा फूट पाच इंच, म्हणजे सत्त्याहत्तर. एक इंचावर निभावलं. पण पुढच्याच ओळीत ‘६.१०’ होतं. ते सहा फूट दहा इंच होते, आणि दुकानातल्या पोराने सहा पॉइंट एक समजून नऊ इंच आखूड कापले असते. सुतार इंचाखाली सूत सांगतो, इंचाचे आठ सूत. पडद्याला सुताचा हिशोब नको, तुम्ही अर्ध्या इंचावर थांबा. फक्त खाचेत बसणारं काही असेल तर सूत लागतं, त्याचं पुढे एक पत्र आहे.

कापड किती, हेही तुम्ही विचारणारच. तुमची बेडरूमची खिडकी साठ इंच धरू. दोन्हीकडे सहा मिळून रॉड बहात्तर. चुण्या नीट पडायला रॉडच्या दुप्पट कापड लागतं, एकशे चव्वेचाळीस इंच. दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचा पडदा कडा दुमडून हातात पंचेचाळीस येतो. तीन पन्ने घेतले तर एकशे पस्तीस, जरा कमी. शिवाय मधला पन्ना उभा चिरून दोन्हीकडे अर्धा-अर्धा जोडावा लागेल. कापड जाड मखमली असेल तर तीन चालतील. सुती किंवा पातळ असेल तर सरळ चार घ्या. चोपन्न इंची पन्ह्यात तीन पन्न्यांचंही भागतं.

लांबी समजा रॉडपासून फरशीपर्यंत अठ्ठ्याऐंशी. रिंगवाला पडदा रॉडच्या वर इंच-सव्वा इंच डोकावतो, खाली आपण इंचभर सोडला, म्हणजे तयार पडदा साधारण अठ्ठ्याऐंशीच. वरच्या पट्टीला चार, खालच्या दुहेरी दुमडीला सहा, आणि कापड सरळ करायला दोन. झाले शंभर इंच, म्हणजे २.५४ मीटर. चार पन्न्यांना १०.१६ मीटर.

साध्या रंगाला एवढं पुरे. पण फुलांचं डिझाइन घेतलंत की खेळ बदलतो, कारण चारही पन्न्यांवर फूल एकाच उंचीवर यायला हवं. डिझाइन ६४ सेंटीमीटरने फिरून येत असेल तर चार खेपांना २.५६ मीटर. तुमचा पन्ना २.५४ चा, बरोबर बसला. आता समजा माप इंचभर चुकलं आणि पन्ना एकशे एक इंचांचा हवा झाला, म्हणजे २.५६ च्या किंचित वर. लगेच पाचवी खेप लागते, पन्ना ३.२० मीटरचा होतो आणि चार पन्न्यांना १०.२४ ऐवजी १२.८० मीटर कापड. एका इंचापायी अडीच मीटर! दुकानदार तेव्हा ‘डिझाइन जुळवायला लागतंच, ताई’ म्हणून मोकळा होतो, आणि त्याचं चूक नसतं.

रिंगा प्रत्येक पडद्याला सम संख्येत, चौदा किंवा सोळा. विषम लावल्या की एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे तोंड करून बसते. टेलरला माहीत असतं, तरी मोजून घ्या.

स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी पडदा लावू नका, काचेला धुसर कागद चिकटवा. त्या खिडकीचं माप घ्यायलाच नको.

बारा दिवसांचं गणित बसतं. कापड आधी आणून टेलरकडे ठेवा. सुती असेल तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ताबा मिळेल त्या दिवशी रॉडवाला. दुसऱ्या दिवशी टेलर स्वतः येऊन माप घेईल. आठ दिवस शिवायला. दहाव्या दिवशी पडदे लावा, अकराव्या दिवशी भटजींची यादी आणायला तुम्ही मोकळ्या. टेलर नाहीच आला तर रॉडच्या वरच्या कडेपासून तुम्ही मोजा आणि त्याला तसं स्पष्ट सांगा, ‘रॉडच्या वरपासून’.

प्रश्न : ताई, आई गेल्यावर तिच्या साड्या वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला एक इरकल नऊवारी आणि दोन रेशमी सहावारी आल्या. मी नऊवारी नेसत नाही. पेटीत ठेवून काय करू? नव्या घरात तिचे पडदे करावेत असं मनात आहे, पण कापायला हात धजत नाही. पुरेल का, आणि बरं दिसेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरेल. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. तिचे तीन तुकडे केले तर प्रत्येकी पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. दुमडी सोडून आठ फुटांपर्यंतचा पडदा आरामात होतो. सहावारी साडेपाच मीटरची, पावणेतीनचेच दोन तुकडे. ब्लाउजपीस आधी कापून झालं असेल तर तेवढं कमी, म्हणून कात्रीआधी साडी पलंगावर पसरून टेपने मोजाच. अंदाजाने दुमडून अर्धी करू नका, निऱ्यांच्या बाजूला साडी ओढली गेलेली असते.

रुंदी मात्र हट्टी आहे. साडीचा पन्हा पंचेचाळीस ते सत्तेचाळीस इंच. नऊवारीचे तीन पन्ने जोडून साडेपाच फुटी रॉडला दुप्पट चुणी मिळते, त्याहून मोठ्या दाराला नाही. नऊवारी एका मध्यम खिडकीची, सहावारी एका लहान खिडकीची. हॉलच्या दाराला दोन वेगवेगळ्या साड्या जोडायचा मोह आवरा.

काठ उभे येतील, दोन्ही कडांना. ते दिसतातच छान. पदर एकाच तुकड्यात येणार, तो खाली येऊ द्या आणि तो पन्ना भिंतीकडे न घालता खोलीच्या मध्याकडे घ्या. उरलेल्या दोन पन्न्यांना खाली पदर नाही म्हणून हळहळू नका.

रेशमाला ऊन खातं. पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळ्यांत घडीवर चिरेल. मागून सुती अस्तर लावा, आणि अस्तर साडीला खाली शिवून टाकू नका, मोकळं सोडा. दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात आणि शिवली तर साडी झोळीसारखी फुगते. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. तिथेही मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, कारण सूर्य तेव्हा ईशान्येच्या अंगाने उगवतो आणि वायव्येच्या अंगाने मावळतो, पण ते थोडे दिवस.

रिंगांची भोकं साडीला पाडू नका. वर वेगळ्या कापडाची पट्टी लावून तिला चिमट्याच्या रिंगा अडकवा. उद्या तुमच्या मुलीला साडी परत हवीशी वाटली तर तीन शिवणी घालून ती जोडता येते. मी एकदा जोडून दिलीय. नेसल्यावर सांधे निऱ्यांत गेले.

प्रश्न : गावचं घर दुरुस्त करून आम्ही आता तिथेच राहायला जाणार आहोत. चिऱ्याच्या जाड भिंती, खिडक्या सागवानी, आडवे गज, आणि दारं आत उघडणारी, खालची जोडी वेगळी आणि वरची वेगळी. एकही खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. पडदा आतल्या खाचेत बसवावा की भिंतीवर? समुद्र दीड किलोमीटरवर आहे.
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : दारं आत उघडतात, तेव्हा खाचेतला पूर्ण पडदा म्हणजे रोज सकाळी भांडण. खालच्या जोडीपुरता अर्धा पडदा करा आणि तो दारांच्याच आतल्या अंगाला बसवा, प्रत्येक झडपेला आपला. वर-खाली बारीक पितळी सळई, पडदा दोन्हीकडून ताणलेला. झडप उघडली की पडदा तिच्याबरोबर फिरतो. वरची जोडी उघडी ठेवा, वारा तिथून येऊ दे.

माप इथे खरोखर सुतात घ्यावं लागेल. प्रत्येक झडप वेगळी मोजा, वर, मध्ये आणि खाली, आणि झडपांना खडूने नंबर टाका. मी एका जुन्या घरात मोजलं होतं त्यातली एक झडप वर साडेसतरा इंच, मध्ये सतरा, आणि खाली पावणेसतराच्या दोन सूत आत. सुताराने ती पन्नास वर्षांत तीनदा तासली होती. सगळ्यात लहान माप घ्या आणि सळई त्याहून दोन सूत आखूड कापा. पावसात लाकूड फुगतं, वैशाखात मोकळी वाटणारी सळई श्रावणात अडकते.

भिंतीवर रॉड लावायचाच असेल तर चिऱ्यात ड्रिल लोण्यासारखं जातं आणि भोक तसंच मोठंही होतं. लांब गिट्टी घ्या, किंवा आधी भिंतीला सागाची पट्टी ठोकून रॉड तिच्यावर बसवा.

लोखंडी रिंगा, स्प्रिंगची तार, चकचकीत मुलामा दिलेली ब्रॅकेटं आणू नका. खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज सुटतो आणि त्याचा तांबडा डाग कापडातून जात नाही. पितळ किंवा प्लॅस्टिक. कापड पातळ सुती, दोनदा धुतलेलं, अस्तर नको. जाड पडद्याला तुमच्याकडे बुरशी धरेल. आषाढ-श्रावणात ते काढून ठेवले तरी कुणी काही म्हणणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन सात फुटी तयार पडदे मागवले. लावले तर जमिनीपासून हातभर वर! परत घेत नाहीत. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांचे येतात. पाच खिडकीचे, सात दाराचे. हे सात फूट म्हणजे चौकटीच्या वरच्या कडेलगत रॉड असेल तेव्हाचे. तुम्ही रॉड छताजवळ लावलात, तेव्हा नऊ घ्यायला हवे होते आणि खालून कापून घ्यायला हवं होतं. आता दोन उपाय. रॉड खाली आणा. जुनी भोकं पुट्टीने बुजतात. नाहीतर खाली विरोधी रंगाची पट्टी जोडा, पण ती फूटभर रुंद आणि ठसठशीत असू दे. चार इंचांची पट्टी लावली की ती ठिगळासारखी दिसते.

प्रश्न : नवीन घरात ईशान्येच्या खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा शुभ?
– एक वाचक, पुणे

उत्तर : धुतल्यावर रंग न जाणारा.

प्रश्न : मी बंगळुरूत नोकरीला आहे. भाड्याची खोली घेतलीय, मालक भिंतीला एकही भोक पाडू देत नाहीत. समोरच्या इमारतीतून सगळं दिसतं. आईने सांगितलं तुम्हाला लिही. पुढच्या शनिवारी सामान हलवतोय.
– एक वाचक, बंगळुरू

उत्तर : आईला नमस्कार सांग. स्प्रिंगचा दाबाचा रॉड मिळतो, तो खिडकीच्या खाचेत दोन बाजूंच्या भिंतींमध्ये फिरवून घट्ट बसतो. त्यासाठी खाचेच्या आतलं अंतर लागेल, तेही जिथे रॉड बसणार त्याच उंचीवर. आत मोजताना टेपचा डबा मध्ये येतो. टेप वाकवून अंदाज करू नकोस. डब्याची लांबी बहुतेक वेळा डब्यावरच छापलेली असते, आकड्यात ती मिळव. खाच किती खोल आहे तेही बघ. मच्छरदाणीची सरकती जाळी आतल्या रुळावर असेल आणि पुढे दोन इंचही उरत नसतील तर रॉड बसणार नाही. या रॉडवर पातळ पडदाच टाक, जाड टाकलास तर मध्यरात्री डोक्यावर येईल. पहिल्या रात्रीसाठी बेडशीट आणि कपड्यांचे चिमटे बरोबर ठेव.

पण त्याआधी एक कर. खिडकीच्या वरच्या भिंतीवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघ. आधीच्या भाडेकरूंनी पडदे लावले असतील, मालकांनी भोकांवर नुसता रंग मारला असेल. जुनी भोकं सापडली तर त्यांना विचार की हीच वापरू का; नवी पाडायची नाहीत म्हटल्यावर बहुतेक हो म्हणतील. दोन भोकांमधलं अंतर इंचांत मोजून मला कळव, आणि आत गिट्टी अजून आहे की काढून घेतलीय तेही.